आतली बाजू

बाबांनी काठी आपटली, तसा माझा हात थांबला.

"तू थांबू नको, बाय," माझा धाकटा भाऊ इनास म्हणाला. "मास्टर येऊन जाईपर्यंत ते आपटतच राहणार आहेत."

तो ओटीच्या पायरीवर बसून गिटारच्या सुट्या केलेल्या खुंट्यांना शिवणयंत्राचं तेल सोडत होता. मी चटईवर बसले होते. मांडीवर जुनी चादर, चादरीवर गिटार पालथी, हातात पॉलिश पेपर, शेजारी पॉलिशची बाटली. समोर आरामखुर्चीत बाबा. त्यांचा उजवा हात कोणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला असायचा. डाव्या हातात काठी.

मी पेपर पुन्हा लाकडावर टेकवला. काठी पुन्हा आपटली.

"आ!" बाबा म्हणाले.

लकव्याने त्यांच्यापाशी तेवढंच ठेवलं होतं. भूक लागली तरी आ, खुर्ची उन्हात आली तरी आ. सुरुवातीला आम्ही त्या 'आ'मधून अर्थ काढायचा प्रयत्न करायचो. मग जेवण, लघवी आणि ऊन ह्या तिन्हींपैकी काही नसलं की ते रागावलेत असं धरून चालू लागलो.

"गाणंबजावणं त्यांना कधी आवडलं?" इनास म्हणाला. "चर्चमध्ये वाजवतो तेवढं चालतं. हॉटेल म्हटलं की संपलं."

"पुढच्या बाजूला मी आठवडाभर पॉलिश करत होते, तेव्हा नाही आपटली काठी."

"तेव्हा मास्टर येणार हे कुठे ठरलं होतं? आज ठरलंय. त्यांना ऐकू सगळं येतं."

माझे वडील बस्त्याव मिस्त्री. वसईत आमच्या आणि आजूबाजूच्या गावांत कोणी गेलं की त्याला पुरायची पेटी आमच्या घरून जायची. ते कपाटं करत, पाळणे करत, एका चर्चचं आल्तार, म्हणजे वेदीही त्यांनी केली होती. पण लोक पेटीवाला मिस्त्री म्हणूनच ओळखायचे. सुतारकाम त्यांचं आणि पॉलिश आईचं. आई गेल्यावर बोळा माझ्या हातात आला. चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं, दाबायचं नाही आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलं की डाग राहतो.

पहिल्याच पेटीला मी इतक्या हौसेने पॉलिश केलं की आतूनही केलं. बाबांनी झाकण उघडून बघितलं आणि काही न बोलता आतली बाजू पुन्हा रंधून कोरी केली. मी हिरमुसले तेव्हा म्हणाले, "बाहेरून गाव बघतं. आतून माणसाचं अंग लागतं. अंगाला लाकूड लागू दे, पॉलिश कशाला?"

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पेटी नव्हती. जानेवारी होता, लग्नांचे दिवस. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आत सगळ्यांना उरकायचं असतं. शेजारच्या वाडीत लग्न होतं आणि तिथे वाजवायला रोझारिओ मास्टर आले होते. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांचा बँड होता. त्यांचा गिटारवाला आखातात निघून गेला होता आणि जाताना गिटारही घेऊन गेला होता. मास्टरांनी निरोप दिला होता, ज्याच्याकडे स्वतःची इलेक्ट्रिक गिटार आहे त्यालाच घेतो. दुपारी येऊन ऐकतो. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर बांद्र्याचा एक मुलगा तयारच आहे.

इनास स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. विकतची इलेक्ट्रिक गिटार आमच्या घराच्या स्वप्नातही येणारी नव्हती. म्हणून त्याने ती करायची ठरवली. चर्चच्या एका मोडक्या गिटारची मान मागून आणली. तारांचा आवाज पकडणारं आतलं वेटोळं आईच्या शिवणयंत्राच्या चाकावर तांब्याची केसासारखी तार गुंडाळून केलं. तार तुटली की तो रडकुंडीला यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अंगासाठी माळ्यावरची एक शिवणीच्या झाडाची फळी काढली, तिचे दोन तुकडे एकावर एक सरसाने चिकटवले आणि बाबांच्या करवतीने आकार कापला. पुढची बाजू त्याने रंधून दिली होती. ती मी पॉलिश करून मधासारखी केली होती. मागची बाजू तशीच होती, माळ्यावरच्या धुराने काळी. मागचं कोण बघतं म्हणून आम्ही ती शेवटाला ठेवली होती.

काठीकडे दुर्लक्ष करून मी पेपर फिरवत राहिले. काजळी निघायला लागली. खालून शिवणीचा फिका पिवळा रंग वर आला. सगळीकडे आला, फक्त खालच्या कोपऱ्यात एक काळी रेघ राहिली. मी तिथे जरा जास्त घासलं. रेघ गेली नाही. तिच्यावर आडवी अजून एक रेघ दिसली.

क्रूस होता. बोटाच्या पेराहून लहान. सुरीने कोरलेला, त्यात काजळी बसलेली.

मी त्याच्यावर तळहात ठेवला. बाबांकडे बघितलं. ते माझ्या हाताकडेच बघत होते.

"इनास," मी म्हटलं, "जरा आत ये."

"काय झालं?"

"आत ये."

गिटार चादरीत गुंडाळून मी चुलीपाशी नेली. तो मागून आला, हाताला तेल तसंच.

"ही फळी कुठून काढलीस?"

"माळ्यावरून. माहीत आहे तुला."

"माळ्यावर कुठून?"

"ह्या चुलीच्या वरच्या अंगाला. का? भेग आहे का?"

"भेग असती तर बरं झालं असतं." मी चादर बाजूला केली आणि त्याला क्रूस दाखवला. "ही बाबांची आहे."

"माळ्यावरचं सगळं लाकूड बाबांचंच आहे."

"तसं नाही, इनास. ही बाबांची आहे."

त्याला कळायला क्षणभर लागला. बाबा क्रूस सगळ्या लाकडावर कोरत नसत. कोणी गेलं, त्याच्यासाठी लाकूड निवडलं, की मग त्या फळ्यांवर कोरायचे. क्रूस म्हणजे फळीला माणूस ठरला. क्रूसाची बाजू त्या माणसाकडे, आत. क्रूस असलेली फळी माळ्यावर असायचं एरवी काही कारणच नव्हतं.

"परसातली शिवण तोडली होती ना, त्यातून आईची पेटी केली," मी हळू आवाजात म्हटलं. "तू बोर्डिंगातून आलास आणि मातीनंतर लगेच परत गेलास. त्या संध्याकाळी बाबांनी उरलेल्या फळ्यांवर क्रूस कोरले आणि वर चढवल्या. मला म्हणाले, ह्या माझ्या. एकाच झाडात राहू दोघं."

इनास शिडी लावून माळ्यावर चढला. त्याने फळ्या सरकवल्याचा आवाज आला. खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांत कोळिष्टकं होती आणि चेहरा उतरला होता.

"बाकीच्यांवर आहेत," तो म्हणाला. "सगळ्यांवर आहेत. मी अंधारात वरची काढली. हलकी लागली म्हणून काढली." मग एकदम म्हणाला, "मी विचारलं होतं त्यांना!"

"काय विचारलंस?"

"खाली आणून दाखवली होती. म्हटलं, बाबा, ही घेऊ? आवाज चांगला लागेल हिला."

"मग?"

"आ म्हणाले."

दुसऱ्या एखाद्या दिवशी आम्ही दोघं हसलो असतो.

"काठी नाही आपटली?"

"काठी नंतर दिली ना डॉक्टरांनी. तेव्हा कुठे होती?"

बाहेर ओटीवर काठी आपटली. एकदा, मग पुन्हा. इनासने डोळे मिटले.

"घासून काढ तो," तो म्हणाला.

"खोल आहे. आणि घासला की फळी कोणाची ते बदलतं का?"

"मग भेगा बुजवायची लांबी भर त्यात आणि वरून पॉलिश मार. बाय, मास्टर आत्ता येतील. आज नाही ऐकवलं तर तो बांद्र्याचा पोरगा उद्या तिथे उभा असेल. मी काय जन्मभर लोकांचे रेडिओ उघडत बसू?"

"हळू बोल."

"बाबांना सागवानाची पेटी करू. माझ्या पहिल्या पगारातून करू. गावात कोणाची झाली नाही अशी."

"त्यांना सागवान नको होतं, इनास. त्यांना आई पाहिजे होती."

त्याने शिडी काढून बाजूला ठेवली. आणि नेमकी तेव्हाच कात्रीन मावशी मागल्या दाराने आत आली. शेजारची, आईची मैत्रीण. लग्नघरातून आली होती, हातात वड्यांचं पान आणि अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"काय गे, चुलीपाशी भांडताय की जेवण करताय? इनास, तुझा मास्टर बसलाय मंडपात जेवायला. काय जेवतोय, बाप रे! म्हणाला, पान खातो आणि येतो मिस्त्रीकडे." तिने माझ्या हातातली गिटार बघितली. "ही होय ती? बघू बघू."

मी क्रूसावर पदर टाकला आणि गिटार सुलटी करून पुढची बाजू तिच्याकडे केली.

"अगे बाय, तोंड दिसतंय हिच्यात!" मावशी म्हणाली. मग ओटीकडे मान वळवून ओरडली, "बस्त्याव, बघितलंस काय? तुझ्या पोराने पेटीला तारा लावल्या!"

मी क्रूसावरचा पदर घट्ट धरला.

"आ," बाहेरून बाबा म्हणाले.

मावशी खो खो हसली. "बघा, त्याला पण पटलं." वड्यांचं पान चुलीजवळ ठेवून ती आली तशी गेली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. जुन्या ओळखीतली थट्टा करून गेली.

इनास भिंतीला टेकून उभा होता. "मी नाही वाजवत," तो म्हणाला. "मास्टरांना सांग, माझा हात दुखतोय म्हणून. ही फोडून तुकडे पुन्हा जोडता येतात का बघतो."

"त्याची फळी होणार नाही आता."

"मग काय करू? सांग ना तू! तू मोठी आहेस."

मला एवढंच कळत होतं, की लांबी भरून मी ह्याच घरात, त्यांच्यासमोर बसून, रोज त्यांना पेज भरवू शकणार नाही. आणि फोडली, तर इनास ह्या घरात राहूनही राहणार नाही. दोन्हीपैकी काहीही मी एकटी ठरवणार नव्हते. ज्याची फळी त्याने ठरवायचं.

मी गिटार उचलली आणि ओटीवर निघाले.

"बाय, नको. बाय!"

बाबा माझीच वाट बघत असल्यासारखे ताठ बसले होते. मी त्यांच्या गुडघ्यांवर चादर घातली आणि गिटार पालथी ठेवली. क्रूस वर.

"बाबा," मी म्हटलं, "इनासला माहीत नव्हतं. अंधारात काढली त्याने. मलाही आत्ताच दिसलं."

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. डावा हात लाकडावर ठेवला. आधी तळवा फिरवला, मी जिथे घासलं होतं तिथे, नीट लागलंय का बघतात तसा. मग अंगठा कोपऱ्यात गेला आणि क्रूसावर थांबला. त्यांनी तो बराच वेळ तिथे ठेवला. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू कधीच हलायची नाही, आणि दुसरी त्या वेळी हलली नाही.

इनास दारात उभा होता. "बाबा, मी फोडून टाकतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर आत्ता फोडतो."

"आ," बाबा म्हणाले.

त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. बाटलीकडे. मी न समजून पॉलिशची बाटली उघडली, बोळा भिजवला. त्यांना पॉलिश झालेलं बघायचं असेल असं मला वाटलं. बोळा लाकडाजवळ नेला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं आणि जोरात बाजूला ढकललं. स्पिरिटचा थेंब माझ्या पायावर पडला.

"नको?" मी म्हटलं. "पॉलिश नको? गिटारच नको?"

"आ!" ते चिडून म्हणाले. एका हाताने त्यांनी गिटार उलटायचा प्रयत्न केला. ती घसरली, इनासने पुढे येऊन धरली आणि सुलटी करून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी माझा बोळ्याचा हात धरला आणि पुढच्या बाजूवर टेकवला. फिरवला. गोल, जसा मला आईने शिकवला होता. मग हात उचलून त्यांनी गिटार पुन्हा पालथी करायची खूण केली. इनासने केली. मी बोळा नेला. त्यांनी ढकलला.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आम्हा दोघांकडे ते असे बघत होते, की एवढं सरळ काम आणि ह्या दोघांना कळत कसं नाही.

शेवटी त्यांनी इनासचा सदरा पुढून मुठीत धरला आणि खाली ओढला. तो गुडघ्यांवर बसला. बाबांनी गिटारची मान पकडली आणि ती इनासच्या पोटावर आडवी टेकवली. क्रूसाची बाजू आत, त्याच्या अंगाला. वरून, चकचकीत बाजूवर, दोनदा थाप मारली.

"आ," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं. पोटावरच्या बाजूकडे बोट केलं आणि मान हलवली, नाही.

मी बोळा खाली ठेवला.

"बाय?" इनास म्हणाला. "काय म्हणतायत ते?"

"ते आधीपासून तेच सांगत होते," मी म्हटलं. "सकाळपासून. आपणच ऐकलं नाही." मी बाटलीला बूच लावलं. "आतल्या बाजूला पॉलिश करत नाहीत, इनास. आत माणसाचं अंग लागतं."

तो तसाच गुडघ्यांवर, गिटार पोटाशी धरून, बापाकडे बघत राहिला. बाबांनी त्याच्या केसांतलं कोळिष्टक काढलं, बोटांना चिकटलेलं बघितलं आणि चादरीला पुसलं. मग काठी घेतली. मिस्त्री एक काम समजावून दुसऱ्याकडे वळतो तसे ते रस्त्याकडे बघायला लागले.

रोझारिओ मास्टर आले तेव्हा इनास तारा लावत होता. मास्टर जाडजूड, पांढऱ्या बुटांचे, तोंडात पान. बाबांना त्यांनी वाकून "कसं काय, मिस्त्री?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्टूल ओढून बसले. इनासने गिटारची वायर आमच्या मोठ्या रेडिओच्या मागे खोचली. रेडिओ आधी गुरगुरला, मग त्यातून पहिला सूर आला. आमच्या त्या ओटीवर तसला आवाज कधी आला नव्हता. बावखलाच्या, आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, काठावरचे बगळे उडाले.

इनासने काय वाजवलं ते मला नीट सांगता यायचं नाही. मी बाबांच्या काठीकडे बघत होते. ती हलत होती, पण आपटत नव्हती.

वाजवून झाल्यावर मास्टरांनी हात पुढे केला. गिटार हातात घेऊन त्यांनी मान डोळ्यांसमोर धरली, खुंट्या फिरवून बघितल्या, पॉलिशवर बोट फिरवलं. मग उलटी केली.

"अरे, मागे पॉलिश राहिलं वाटतं? की पैसे संपले?"

मी तोंड उघडलं, पण इनासने आधी उत्तर दिलं.

"राहिलं नाही, मास्टर. ती आतली बाजू आहे."

मास्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या क्रूसाकडे. पानाची पिंक टाकायला ते अंगणात गेले आणि तिथूनच म्हणाले, "सोमवारी ये. काळे बूट आहेत का? नसतील तर कोणाचे तरी माग."

बाबा पुढच्या पावसाळ्यानंतर गेले. इनास मुंबईहून आला आणि आम्ही दोघांनी मिळून पेटी केली. एक फळी कमी होती, तिथे आंब्याची घातली. तिच्यावर क्रूस मी कोरला. माझा हात त्या कामाचा नव्हता, थोडा तिरका आला. बाहेरून मी पॉलिश केलं. आतून केलं नाही.

इनासने ती गिटार हॉटेलात वाजवली, नंतर जहाजांवर वाजवली, केस पिकेपर्यंत वाजवली. बोटं थरथरायला लागली तेव्हा माझ्याकडे आणून ठेवली. म्हणाला, "घरचं लाकूड आहे, घरात राहू दे."

परवा मला मम्मा म्हणणाऱ्या माझ्या नातीने ती कपाटावरून काढली. पुढच्या बाजूचं पॉलिश ठिकठिकाणी उडालं आहे, कुठे पांढरं पडलं आहे, कुठे स्टेजवर कोणाचा तरी ग्लास सांडल्याचा गोल डाग आहे. मागची बाजू मात्र काळसर तपकिरी, काचेसारखी गुळगुळीत. तिच्यावर सदरे घासले, घाम जिरला, पोट टेकलं. क्रूस अजून आहे, पण बोटाला लागत नाही, बघावा लागतो.

"मम्मा," नात म्हणाली, "पुढचं सगळं गेलंय आणि मागचं पॉलिश बघ कसं राहिलंय. दोन्ही तूच केलं होतंस ना?"

"नाही गे," मी म्हटलं. "मी फक्त पुढचं केलं होतं."